तारे नव्हते, मग तो प्रकाश आला कुठून?

तुम्ही विचारलंय: "विश्व ३,८०,००० वर्षांचं असताना पहिला प्रकाश बाहेर पडला असं जिथे तिथे वाचतो. पण तेव्हा तारे नव्हते. मग हा प्रकाश कशातून तयार झाला? त्याआधी विश्वात काळोख होता का? आणि तो प्रकाश आज घरी पकडता येईल का?"

तुम्ही वाचलेल्या त्या वाक्यात एक शब्द चोरपावलांनी शिरलाय: "पहिला". ३,८०,००० हा आकडा बरोबर आहे, पण ती प्रकाशाची जन्मतारीख नव्हे. फार तर त्याने घर सोडल्याची तारीख म्हणा. दोन्हींची गल्लत झाली की "याला जन्माला कोणी घातलं" हा प्रश्न आपण घर सोडलं त्या दिवसाला विचारत बसतो. तिथे उत्तर मिळत नाही आणि डोकं भणभणतं. माझंही विद्यार्थी असताना भणभणलं होतं.

मी रेडिओ खगोलशास्त्रात काम करतो. उमेदीची सगळी वर्षं कमी वारंवारतेच्या रिसीव्हरांशी झगडण्यात गेली. त्यामुळे सिद्धांत मांडणाऱ्याच्या खुर्चीतून न बोलता मोजणाऱ्याच्या स्टुलावरून बोलतो.

"पहिला प्रकाश" तुम्ही कशाला म्हणता त्यावर उत्तर बदलतं. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, वेगळा कधी झाला असं विचारत असाल, तर महास्फोटानंतर सेकंदाच्या दहा हजार कोटींव्या भागाच्या आसपास. त्याआधी विद्युतचुंबकीय बल आणि अणुकेंद्रातलं क्षीण बल एकातच मिसळलेली होती, आज आपण ज्याला फोटॉन म्हणतो तो निराळा नव्हता. आज आकाशातून आपल्यापर्यंत येणारे ते प्राचीन फोटॉन कधी तयार झाले असं विचारत असाल, तर पहिल्या साधारण दोन महिन्यांत. ते मोकळे कधी सुटले? ३,८०,००० वर्षांनी. आणि पहिला दिवा, म्हणजे पहिला तारा, कधी लागला? दहा-वीस कोटी वर्षांनी. चारही उत्तरं बरोबर आहेत. तुमचा रोख मला दोन महिन्यांवाल्या उत्तराकडे दिसतो, आणि नेमकं तेच सगळ्यात कमी सांगितलं जातं. म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

प्रकाशासाठी तारा लागतो, ही आपली सवय आहे, निसर्गाचा नियम नाही. लोहाराच्या भट्टीतला लोखंडाचा तुकडा लाल होतो तेव्हा त्याच्या पोटात तारा नसतो. विद्युतभार असलेले कण गर्दीत एकमेकांना धक्के देत असले की त्यातून प्रकाश बाहेर पडतो, बस. तारासुद्धा प्रकाश देतो तो तापलेला असतो म्हणूनच. आणि सुरुवातीचं विश्व तापलेलं होतं. किती? महास्फोटानंतर एक सेकंदाने तापमान होतं सुमारे १,००० कोटी केल्विन. त्या तापमानाला एका घन सेंटीमीटरमध्ये कोंबलेल्या नुसत्या प्रकाशाच्या ऊर्जेचं वस्तुमान काढलं तर ते ८० किलोहून जास्त भरतं. पदार्थाचं वजन धरलेलं नाही, फक्त प्रकाशाचं! हा हिशेब मी पहिल्यांदा हाताने केला तेव्हा शून्यं चुकली असं समजून पुन्हा केला होता. तेव्हाच्या विश्वाला "प्रकाशाने भरलेलं" म्हणणं कमीच पडेल. ते जवळजवळ सगळं प्रकाश आणि इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो अशा हलक्या कणांचंच बनलेलं होतं. आज ज्याचे तारे, ग्रह आणि आपण बनलोय तो पदार्थ त्यात चवीपुरता होता.

त्या वेळी इलेक्ट्रॉनांबरोबर त्यांचे प्रतिकण, म्हणजे पॉझिट्रॉन, जवळपास तेवढ्याच संख्येने होते. दोघांची गाठ पडली की दोन्ही नाहीसे होऊन फोटॉन उरतात. पुरेशी ऊर्जा असलेले दोन फोटॉन भिडले तर उलटंही होतं. तापमान उतरलं तसा हा उलटा रस्ता बंद पडत गेला आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांच्या जोड्या एकतर्फी विझत गेल्या. पहिल्या काही मिनिटांत हे आटोपलं. उरले ते अगदी थोडे जादा इलेक्ट्रॉन, दर प्रोटॉनामागे एक या हिशेबाने. जोड्यांची ती सगळी ऊर्जा प्रकाशाच्या खात्यात जमा झाली आणि फोटॉनांची संख्या पावणेतीनपट झाली. तेव्हा तुमच्या "कशातून तयार झाला" या प्रश्नाला एकच ठोस वाक्य हवं असेल तर हे घ्या: आज पोहोचणाऱ्या प्राचीन प्रकाशाचा मोठा वाटा पदार्थ आणि प्रतिपदार्थ एकमेकांना संपवताना मागे उरलेला आहे.

पण हे वाक्य मी लगेच थोडं मागे घेतो. "हा फोटॉन त्या जोडीतून आला" असं एकेका फोटॉनाबद्दल सांगता येत नाही. त्या दाटीवाटीत फोटॉन सतत गिळले जात होते आणि नवे बाहेर पडत होते. भर पावसाळ्यात विहिरीतून बादलीभर पाणी काढलं, तर ते मृगाच्या सरीचं की आर्द्राच्या, हे कोण सांगणार? विहिरीची पातळी सांगता येते, पाण्याचा थेंब कुठल्या सरीचा हे नाही. तसंच इथे. उष्णतेचा समतोल साधला गेला की जुन्या खाणाखुणा पुसल्या जातात आणि उरतो फक्त एक आकडा, तापमान.

ही गिळण्या-ओकण्याची देवघेव साधारण दोन महिने नीट चालली. मग विश्व इतकं विरळ झालं की नवे फोटॉन तयार होणं जवळजवळ थांबलं. यापुढे फोटॉन इलेक्ट्रॉनांवर आपटत राहिले, दिशा बदलत राहिले, पण त्यांची संख्या ठरून गेली. दर प्रोटॉन-न्यूट्रॉनामागे दीडशे कोटींहून जास्त फोटॉन. हे गुणोत्तर आजही साधारण तेच आहे. म्हणून मी दोन महिने म्हणतो.

यावर विश्वास का ठेवायचा? कारण हे मोजलंय. समतोलात असलेल्या प्रकाशाचा वर्णपट एका ठरावीक आकाराचा असतो, भौतिकीत त्याला कृष्णवस्तूचा वर्णपट म्हणतात. दोन महिन्यांनंतर कोणी बाहेरून भरपूर ऊर्जा ओतली असती, तर नवे फोटॉन तयार करून घडी पुन्हा बसवायची सोय उरली नव्हती, म्हणजे तो आकार बिघडलेला दिसला असता. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये गेलेल्या कोबे उपग्रहाने तो आकार मोजला. १९९० च्या जानेवारीत जॉन मॅदर यांनी अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या अधिवेशनात त्याचा आलेख पडद्यावर टाकला, तेव्हा सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. आलेखावर टाळ्या पडण्याचे प्रसंग आमच्या धंद्यात विरळाच. पुढच्या विश्लेषणात आदर्श वक्रापासूनचा फरक दहा हजारांत एका भागाहूनही कमी निघाला. प्रयोगशाळेत मुद्दाम बनवलेली कृष्णवस्तूसुद्धा इतकी चोख मिळवायला घाम गाळावा लागतो.

इथे मराठी वाचकाला एक नाव हमखास आठवेल. जयंत नारळीकर, फ्रेड हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांनी १९९३ मध्ये या प्रकाशाचा वेगळा उगम मांडला होता: हा जुन्या ताऱ्यांचाच प्रकाश, लोखंडाच्या अतिसूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा बाहेर टाकलेला, आणि त्यामुळे एकसारखा झालेला. म्हणजे "तारे नव्हते, मग प्रकाश कुठून" या तुमच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं, "तारे होते." मला ते उत्तर पटत नाही. इतका चोख वर्णपट आणि आकाशाच्या दिशेदिशेला दिसणारे तापमानाचे बारीक चढउतार एकाच वेळी धुळीतून काढायचे म्हणजे फार जुळवाजुळव करावी लागते. पण प्रश्न त्यांनी योग्य विचारला होता. प्रकाश आला कुठून, हे गृहीत धरायचं नसतं, दाखवायचं असतं.

आता ३,८०,००० वर्षांकडे येऊ. इथे नेहमी धुक्याचं उदाहरण देतात. मीही देतो, कारण खोडदच्या दुर्बिणीकडे जाताना पावसाळ्यात माळशेजला गाडी घातली की ते आपोआप सुचतं: हेडलाइट चालू असतो, प्रकाश भरपूर असतो, पण तो चारी बाजूंना उधळतो आणि पुढचं वळण दिसत नाही. धुकं निवळतं तेव्हा नवा प्रकाश येत नाही, होता तोच सरळ जाऊ लागतो. एवढं नीट लागू पडतं.

मात्र धुकं म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो दाटपणा येतो, तो इथे नव्हता. त्या सुमाराला एका घन सेंटीमीटरमध्ये जेमतेम काही शे कण होते. आपल्या प्रयोगशाळांतली चांगली निर्वात पोकळीसुद्धा त्यापेक्षा दाट असते. फोटॉन एका इलेक्ट्रॉनावर आपटून दुसऱ्यावर आपटेपर्यंत काही हजार प्रकाशवर्षं जात असे! तिथे उभं राहता आलं असतं, तर स्वतःचा हातच काय, शेकडो प्रकाशवर्षांपलीकडचंही दिसलं असतं. तरी विश्व अपारदर्शक, कारण विश्व त्याहून कितीतरी मोठं होतं. धुकं विरळ होतं, पण घाट संपतच नव्हता.

हे मोकळे इलेक्ट्रॉन गेले कुठे? प्रोटॉनांनी पकडले आणि हायड्रोजनचे अणू झाले. अणूत बांधलेला इलेक्ट्रॉन त्या प्रकाशाला फारसा आडवा येत नाही. पण हे घडायला तापमान ३,००० केल्विनपर्यंत उतरावं लागलं, हे जरा खटकायला हवं. हायड्रोजनचा अणू फोडायला लागणारी ऊर्जा तापमानात मांडली तर दीड लाख केल्विनहून जास्त येते. मग इतका उशीर का? एक कारण वरच्या गुणोत्तरात आहे. एका प्रोटॉनामागे दीडशे कोटींहून जास्त फोटॉन असतील, तर त्यातले बहुतेक दुबळे असले तरी दहा-वीस दांडगट निघतातच, आणि एक अणू फोडायला एकच पुरतो. किती तापमानाला किती अणू फुटलेले असतील हे काढायचं सूत्र मेघनाद साहांनी १९२० मध्ये ताऱ्यांच्या वातावरणासाठी दिलं. आजही कुठल्याही वर्गात हा हिशेब साहा समीकरणापासूनच सुरू होतो.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. इलेक्ट्रॉन थेट अणूच्या तळमजल्यावर उतरला, तर जाताना असा जोरकस फोटॉन सोडतो की तो शेजारचा अणू फोडतो. एकाने कमावलं, दुसऱ्याने गमावलं, शिल्लक शून्य. पहिल्या मजल्यावरून तळाला उतरतानाही जवळपास हीच रड. सुटका झाली ती एका आडवाटेने: पहिल्या मजल्यावर एक खोली अशी आहे की तिथे इलेक्ट्रॉन सुमारे एक अष्टमांश सेकंद अडकून पडतो आणि मग एकाऐवजी दोन मवाळ फोटॉन सोडून खाली येतो. ते कोणालाच फोडू शकत नाहीत. अणूच्या मानाने अष्टमांश सेकंद म्हणजे युग झालं. निम्म्याहून अधिक हायड्रोजन या बोळातून गेला. १९६८ मध्ये अमेरिकेत जेम्स पीबल्स यांनी आणि रशियात झेल्दोविच, कुर्त आणि सुन्यायेव यांनी हे स्वतंत्रपणे मांडलं.

या सगळ्यात दर अणूमागे नवे फोटॉन निघाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आधीपासून हजर होते दीडशे कोटी. म्हणजे आधीपासून साठलेल्या खजिन्यात त्या दिवशी भर पडली ती अशी किरकोळ. तुमच्या मूळ प्रश्नाची गाठ इथे सुटते असं मला वाटतं: तेव्हा तो प्रकाश कोणी निर्माण केला नाही, तो होताच.

आतापर्यंतचं एका दमात: पहिल्या मिनिटांत प्रतिपदार्थ संपून प्रकाशाची भर पडली, दोन महिन्यांत त्याची संख्या ठरली, ३,८०,००० वर्षांनी त्याची वाट मोकळी झाली.

"त्याआधी काळोख होता का?" उलट आहे हो. त्याआधी डोळे दिपवणारा उजेड होता, काळोख नंतर पडला. ३,००० केल्विन म्हणजे साधारण जुन्या पिवळ्या बल्बच्या तारेचं तापमान. प्रकाश सुटला तेव्हा आकाशाचा प्रत्येक ठिपका त्या तारेसारखा नारिंगी-पिवळा झळकत होता, रात्र नावाची गोष्टच नव्हती. मग विश्व पसरत गेलं, तरंगलांबी ताणत गेली, नारिंगीचं लाल झालं. लोखंड ८०० केल्विनच्या खाली उतरलं की अंधारातही त्याची लाली दिसेनाशी होते. विश्वाने ती पायरी तीसेक लाख वर्षांनी ओलांडली. त्यानंतर माणसाच्या डोळ्याला काहीही दिसलं नसतं. प्रकाश होता, पण अवरक्त झालेला. काळोख्या पर्वाची ही खरी सुरुवात. म्हणजे "प्रकाश सुटला" आणि "काळोख झाला" हे विश्वाच्या मानाने एकापाठोपाठच.

ताऱ्यांबद्दल भराभर सांगतो, कारण तो तुमचा प्रश्न नाही. हायड्रोजन आणि हीलियमचे ढग स्वतःच्या वजनाने आकसले, हायड्रोजनच्या रेणूंनी त्यांना थंड व्हायला मदत केली, आणि दहा-वीस कोटी वर्षांनी पहिले तारे पेटले. जेम्स वेब दुर्बिणीने २०२४ मध्ये महास्फोटानंतर जेमतेम तीस कोटी वर्षांनीच्या दीर्घिकेचा प्रकाश टिपला. या ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने हायड्रोजन पुन्हा फोडला, इलेक्ट्रॉन पुन्हा मोकळे झाले. मग धुकं परत का आलं नाही? कारण तोवर विश्व लाखो पटींनी विरळ झालं होतं. त्या प्राचीन फोटॉनांपैकी शंभरातले पाच-सहाच या दुसऱ्या खेपेला इलेक्ट्रॉनांना आपटले.

त्या पहाटेचा माग आम्ही रेडिओवाले थंड हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटरच्या लहरीवरून काढतो. आपल्यापर्यंत येताना ती ताणून एफएम रेडिओच्या शेजारी येऊन बसते, आणि मग कपाळाला हात. एका चाचणीत आम्हाला वर्णपटात एक सुरेख खळगा दिसला, पहिल्या ताऱ्यांची खूण वाटावी असा. दोन आठवडे झोप उडाली. शेवटी कळलं की तो अँटेनाखालच्या ओल्या-सुक्या जमिनीतून परतणाऱ्या लहरींचा खेळ होता. म्हणून २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एजेस प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्‌झला पहिल्या ताऱ्यांची खूण सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा माझ्या मनात आनंदाआधी जमीन आली. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या चमूने पुढे फार देखणी युक्ती केली. त्यांनी आपला सारस-३ अँटेना पाण्यावर तरंगवला, कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावात आणि शरावतीच्या जलाशयात, कारण पाणी खाली सगळीकडे एकसारखं असतं. २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं की तशी खूण आम्हाला दिसत नाही. तेव्हा पहिल्या ताऱ्यांची तारीख सांगताना मी "दहा-वीस कोटी" असा सैल हात ठेवतो तो यासाठी.

राहिला घरचा प्रश्न. तो प्रकाश आता ताणून रेडिओच्या सूक्ष्मलहरींत आलाय आणि त्याचं तापमान जेमतेम २.७ केल्विन उरलंय. जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर चॅनल नसताना ज्या मुंग्या दिसायच्या, त्यात शंभरातला एखादा ठिपका या प्रकाशाचा असतो असं सांगतात. ते ढोबळमानाने ठीक आहे, पण तो ठिपका कुठला हे ओळखायची सोय नाही, त्यामुळे त्याला पकडणं म्हणवत नाही. डिश टीव्हीची छत्री आणि सिग्नल दाखवणारं साधं मीटर असेल तर एक गोष्ट करून बघा: छत्री आधी भिंतीकडे रोखा, मग मोकळ्या आकाशाकडे. काटा खाली येईल, कारण भिंत सुमारे ३०० केल्विनची आणि आकाश कितीतरी थंड. सूर्याकडे फिरवली तर काटा वर जाईल. एवढं घरी जमतं.

त्यापुढचं शेवटचं २.७ केल्विन घरी जमत नाही, आणि अडचण छत्रीच्या आकाराची नाही. आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४-६५ मध्ये न्यू जर्सीत होल्मडेलला हा प्रकाश पकडला तेव्हा त्यांना ४,०८० मेगाहर्ट्‌झला साडेतीन केल्विनचा जादा आवाज, म्हणजे खरखर, मिळाला. अँटेनात घरटं केलेली कबुतरं हाकलून, त्यांची घाण पुसूनही तो गेला नाही. ही कबुतरांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण तो आवाज जादा आहे हे त्यांना कळलं कसं? त्यांच्याकडे द्रवरूप हीलियमने थंड केलेली एक संदर्भवस्तू होती. तिचं तापमान नेमकं माहीत होतं, आणि रिसीव्हर एकदा आकाशाला, एकदा तिला जोडून ते तुलना करत होते. तुमच्या गच्चीवर छत्री आहे, आकाश आहे, प्रकाशही येतोय, दर घन सेंटीमीटरला सुमारे ४११ फोटॉन. नाही ती फक्त तशी एखादी थंड वस्तू, जिच्याशी आकाश ताडून बघावं.